घरच्या गॅरेजसाठी वेल्डिंग मशीन: स्टिक, मिग की टिग, आणि खरे अँपिअर किती?

काटकोन:
गॅरेजमध्ये छंद म्हणून फॅब्रिकेशन करायचं आहे, त्यासाठी मशीन निवडायचंय: स्टिक (लेप दिलेली रॉड), मिग (रिळावरून आपोआप येणारी तार आणि गॅस) की टिग (टंगस्टनची सळी आणि गॅस), हे ठरत नाही. कामं अशी: ४० × ४० मिमी, १६ गेज स्क्वेअर पाइपचे स्टँड आणि मांडण्या, ५ मिमी अँगलचा एक भक्कम वर्कबेंच आणि कधीतरी गाडीच्या फ्लोअरचा गंजलेला पत्रा बदलणं (०.८ मिमी). पॉवर सिंगल फेज, २३० व्होल्ट, १६ अँपिअरचा सॉकेट. एकाच आकाराच्या, एकाच वजनाच्या डब्यांवर २००, २५० आणि थेट ४०० अँपिअर लिहिलेलं दिसतं. फरक नेमका कशात असतो? आणि गॅसचा सिलिंडर घेणं टाळता येईल का?

ठिणगी:
डब्याच्या दर्शनी बाजूचा आकडा सध्या विसरा. मशीनच्या मागे किंवा खाली रेटिंग प्लेट असते, ती वाचा. प्लेट नसेल किंवा तिच्यावर इनपुट करंट दिलेला नसेल, तर ते मशीन यादीतून काढून टाका.

४०० अँपिअरचा दावा दोन ओळींच्या गणिताने तपासता येतो. स्टिक वेल्डिंगसाठी प्रमाणित आर्क व्होल्टेज (आर्क म्हणजे रॉड आणि लोखंड यांच्यातली सलग ठिणगी) काढायचं सूत्र २० + (०.०४ × अँपिअर) असं आहे. ४०० अँपिअरला ते ३६ व्होल्ट येतं. म्हणजे आउटपुट १४,४०० वॅट. इन्व्हर्टरची (म्हणजे इलेक्ट्रॉनिक वेल्डिंग मशीनची) कार्यक्षमता ८५ टक्के आणि पॉवर फॅक्टर, म्हणजे ओढलेल्या करंटपैकी खऱ्या कामाला लागणारा भाग, ०.७ धरला (पॉवर फॅक्टर करेक्शन नसलेल्या मशीनचा साधारण तेवढाच असतो), तर २३० व्होल्टला शंभराहून जास्त अँपिअर ओढले जातील. घरातल्या कुठल्याच सॉकेटमधून एवढा करंट मिळत नाही.

तेच गणित उलट्या बाजूने करा. ८० अँपिअरला आर्क व्होल्टेज २३.२, आउटपुट साधारण १,८५० वॅट, इनपुट सुमारे १३.५ अँपिअर. म्हणजे १६ अँपिअरच्या सॉकेटवर २.५ मिमीची रॉड आरामात चालते. १६० अँपिअरला इनपुट ३१ च्या आसपास जातो, तो या सॉकेटचा घास नाही. तुमच्याकडे खरी मर्यादा मशीनची नसून सॉकेटची आहे. तुमच्या कामांपैकी बहुतेक कामं १०० अँपिअरच्या आत बसतात, त्यामुळे घाबरायचंही कारण नाही.

पाना१३:
वरच्यात भर. प्लेटवर 'एक्स' या अक्षरापुढे टक्के असतात, तो ड्यूटी सायकल. तो १० मिनिटांवर मोजतात: ३० टक्के म्हणजे ३ मिनिटं आर्क आणि ७ मिनिटं थांबायचं. आंतरराष्ट्रीय मानकात ही चाचणी ४० अंश सेल्सिअस तापमानाला होते. काही स्वस्त मशीनवर २० किंवा २५ अंशांचा आकडा छापलेला असतो. तो दिसायला मोठा दिसतो, पण उन्हाळ्यात पत्र्याच्या छताखाली उपयोगाचा नाही.

दोन मशीनची तुलना करायची तर दोन्ही एकाच टक्क्यावर आणा. १०० टक्क्यांचा करंट = छापील करंट × (ड्यूटी सायकल ÷ १००) चं वर्गमूळ. '१६० अँपिअर, ३० टक्के' चे होतात साधारण ८८. '२०० अँपिअर, २० टक्के' चे होतात साधारण ८९. म्हणजे उष्णता झेलण्याच्या बाबतीत दोन्ही मशीन जवळपास सारखीच, पाटी तेवढी वेगळी. सूत्र ढोबळ आहे, पण फसवणूक पकडायला पुरतं.

काटकोन:
हे फारच उपयोगी. पण छंदासाठी ड्यूटी सायकल एवढा महत्त्वाचा असतो का?

पाना१३:
स्टिकमध्ये कमी. २.५ मिमीची ३५० मिमी लांब रॉड साधारण एका मिनिटात संपते. मग खपली (वेल्डवर जमणारा लेपाचा कडक थर) झाडा, ब्रश मारा, पुढचा तुकडा काटकोनात धरा, दोन टाके मारा. एकटा माणूस काम करताना ३० टक्क्यांच्या वर क्वचितच जातो. मिगमध्ये मात्र ट्रिगर दाबला की तार येतच राहते, खपली झाडायची नसते, त्यामुळे तिथे हा आकडा लवकर आडवा येतो. मिग घेताना तुम्ही खरोखर वापरणार त्या करंटला ६० टक्के मिळतात का ते बघा.

निळी_ज्योत:
आता प्रक्रियेबद्दल. तुमच्या यादीतलं तिसरं काम, ०.८ मिमीचा पत्रा, सगळा निर्णय फिरवतं. पहिल्या दोन कामांना स्टिक उत्तम. तिसऱ्याला स्टिक जवळपास निरुपयोगी. २ मिमीच्या रॉडला स्थिर आर्कसाठी ४० अँपिअरच्या आसपास लागतातच, आणि पत्र्याला झेपणारा करंट साधारण दर मिलिमीटरला ४० अँपिअर. म्हणजे ०.८ मिमीला ३०-३५. तिथे रॉड एक तर चिकटते, नाही तर भोक पाडते. मधली जागाच उरत नाही.

अशा पत्र्याला ०.६ मिमीची भरीव तार आणि गॅस, म्हणजे मिग. मशीन निवडताना सगळे कमाल करंट बघतात. पत्र्यासाठी किमान करंट बघायचा. ३० किंवा त्याखाली उतरणारं हवं. काही मशीन ५० च्या खाली जातच नाहीत आणि ती गोष्ट जाहिरातीत कुठेही नसते.

समांतर_रेषा:
गॅस टाळायचा म्हणून 'गॅसलेस मिग' घेऊ नका असं माझं ठाम मत. त्यात वापरायची फ्लक्स कोअर तार (पोकळ, आत लेपाची पूड भरलेली) ही चांगली गोष्ट आहे, वारा असेल तिथे, २ मिमीच्या वर, बाहेरच्या गेटला वगैरे. पण बंद गॅरेजमध्ये धूर भरपूर, ठिणग्यांचे दाणे सगळीकडे चिकटतात आणि खपली स्टिकसारखीच झाडावी लागते.

घ्यायचंच असेल तर एक गोष्ट आधी उघडून बघा: तारेच्या बाजूचं झाकण उघडल्यावर आत पोलॅरिटी बदलायचे दोन टर्मिनल हवेत. सेल्फ-शील्डेड, म्हणजे गॅसशिवाय चालणाऱ्या फ्लक्स कोअर तारेला टॉर्च (हातात धरायची वेल्डिंगची बंदूक) निगेटिव्हला लागते, गॅसवाल्या भरीव तारेला पॉझिटिव्हला. हे उलटं राहिलं की आर्क फुटफुटतो, वेल्ड दोरीसारखी वर बसते, आत शिरत नाही. बहुतेक लोक तारेला दोष देतात. काही अगदी स्वस्त गॅसलेस मशीन एसी आउटपुट देतात. ती नकोच.

रोलरही बघा. भरीव तारेला 'व्ही' खाचेचा गुळगुळीत रोलर, फ्लक्स कोअरला दातेरी. पोकळ तार गुळगुळीत रोलरवर आवळली की चपटी होते आणि काँटॅक्ट टिपमध्ये (टॉर्चच्या टोकाच्या बारीक छिद्रात) अडकते.

तांब्याची_तार:
समांतर_रेषा, स्वच्छ पत्र्याच्या बाबतीत सहमत. पण एक बाजू राहिली: गंज, रंगाचे अवशेष, मिल स्केल (नव्या लोखंडावरचा काळा थर) यांना स्टिक आणि फ्लक्स कोअर बऱ्यापैकी सहन करतात. गॅस मिग अजिबात नाही. जुनं लोखंड जोडणाऱ्या माणसाने मिग घेतलं, तर त्याने जोडाच्या दोन्ही बाजूंना निदान २० मिमी चकाकेपर्यंत ग्राइंड करायची तयारी ठेवावी. नाहीतर वेल्डमध्ये पिनहोल पडणारच.

दुसरं, मिगची वेल्ड दिसायला सुंदर असूनही कच्ची असू शकते. छोट्या मशीनवर ५-६ मिमीच्या अँगलला कमी व्होल्टेजने मारलं की धातू वर बसतो, खालच्या लोखंडाशी एकजीव होत नाही. वर्कबेंचच्या पायाला हे चालणार नाही. टाकाऊ तुकड्यांचा 'टी' जोड एका बाजूने वेल्ड करा, व्हाइसमध्ये पकडा आणि हातोड्याने वेल्डच्या दिशेने वाकवा. जोड मुळाशी सोलून निघाला आणि खाली ग्राइंडिंगच्या रेषा अजून दिसत असतील, तर आत वितळलेलंच नव्हतं. कडेला ३० ते ४५ अंशांचा उतार (चॅम्फर) द्या, व्होल्टेज वाढवा, आर्क वितळलेल्या धातूच्या डबक्याच्या पुढच्या टोकावर ठेवा.

काटकोन:
मग दोन्ही एकात, म्हणजे मल्टिप्रोसेस घ्यावं का? मिग, स्टिक, टिग तिन्ही असं लिहिलेलं असतं.

निळी_ज्योत:
मिग अधिक स्टिक हे जोडकाम खरंच चांगलं चालतं. तुमच्या यादीला तेच बसतं. 'टिग' या शब्दावर मात्र विसंबू नका. अशा मशीनमध्ये बहुतेकदा फक्त लिफ्ट स्टार्ट डीसी टिग असतं: टंगस्टन कामाला टेकवून उचलायचं. टॉर्च वेगळी, शुद्ध आर्गॉन वेगळा, गॅसचा व्हॉल्व्ह टॉर्चवर हाताने उघडायचा, फूट पेडल नाही. स्टेनलेस आणि पोलाद यावर होतं. अ‍ॅल्युमिनिअम होत नाही. त्याला एसी लागतो, कारण पृष्ठभागावरचा ऑक्साइड धातूपेक्षा फार जास्त तापमानाला वितळतो (धातू ६६० अंशांना, ऑक्साइड २,००० च्याही वर) आणि तो थर एसीच्या अर्ध्या आवर्तनात, इलेक्ट्रोड पॉझिटिव्ह असताना फुटतो. अ‍ॅल्युमिनिअम तुमच्या यादीत नाही, तर एसी-डीसी टिगच्या वाटेला जाऊ नका.

मिगची टॉर्च कायमची जोडलेली आहे की युरो कनेक्टरने निघते, हेही बघा. लायनर (केबलमधली तारेची नळी) घासला, केबल दुमडली तर सुटी टॉर्च दहा मिनिटांत बदलते. स्पूल (तारेचं रीळ) कुठल्या मापाचा बसतो तेही: १०० मिमीचा छोटा स्पूल लवकर संपतो आणि किलोमागे महाग पडतो, २०० मिमीचा (५ किलो) बसेल असं बघा.

ठिणगी:
गॅसबद्दल. साध्या पोलादाला शुद्ध कार्बन डायऑक्साइड चालतो, किंवा आर्गॉनमध्ये १५ ते २५ टक्के कार्बन डायऑक्साइडचं मिश्रण. मिश्रणाने आर्क मऊ, दाणे कमी, पातळ पत्र्यावर ताबा चांगला. शुद्ध कार्बन डायऑक्साइड स्वस्त, आत जास्त शिरतो, पण पत्र्यावर भोक लवकर पाडतो. निव्वळ आर्गॉन पोलादाच्या मिगला वापरू नका, आर्क भटकतो.

किती पुरतो? १० लिटरच्या सिलिंडरमध्ये १५० बारने भरलेलं मिश्रण म्हणजे साधारण १,५०० लिटर गॅस. मिनिटाला १० लिटर सोडला तर अडीच तास सलग आर्क, म्हणजे छंदाच्या कामात बरेच आठवडे. कार्बन डायऑक्साइड आत द्रवरूपात असतो, १ किलोचा ५०० लिटरहून जास्त गॅस होतो. त्याचा दाब सिलिंडर संपत येईपर्यंत तसाच राहतो, म्हणून गेजवरून उरलेला गॅस कळत नाही. वजन करावं लागतं.

प्रवाह २० लिटरपर्यंत वाढवून फायदा नाही. नोझलपाशी (टॉर्चच्या तोंडाशी) खळबळ होऊन उलट हवाच आत ओढली जाते. छिद्रं दिसली की आधी पंखा बंद करा, नोझलमधले दाणे काढा, मग रेग्युलेटरला हात लावा.

काटकोन:
समजा सुरुवातीला फक्त स्टिक घेतलं आणि पत्र्याचं काम पुढे ढकललं. तर काय बघायचं?

तांब्याची_तार:
छंदाची सुरुवात करणाऱ्याला मी हेच सांगेन. डीसी इन्व्हर्टर, खरे १४० ते १६० अँपिअर, १० ते २० अँपिअरपासून सेट होणारा. हॉट स्टार्ट (रॉड पेटवताना जादा करंट), आर्क फोर्स, अँटी-स्टिक (रॉड चिकटली की करंट तोडणं) हे तिन्ही आता बहुतेकांत असतात. आर्क फोर्सची वेगळी गुंडी असेल तर उत्तम. रॉड जवळ नेल्यावर ती चिकटू नये म्हणून तेवढ्यापुरता करंट वाढवणं हे आर्क फोर्सचं काम. पातळ पाइपला तो कमी ठेवायचा, नाहीतर भोक पडतं.

१६ गेज म्हणजे १.६ मिमी. त्याला २ मिमीची ६०१३ रॉड (६०१३, ७०१८, ६०१० हे रॉडच्या प्रकारांचे क्रमांक), ४५ ते ५५ अँपिअर. २.५ मिमीचीही चालते, ६० ते ६५ वर, पण हात सराईत हवा. पाइपच्या जोडात फट ठेवू नका, १.६ मिमीला १ मिमीची फटसुद्धा फार. पातळ लोखंडाला रॉड निगेटिव्हला जोडली तर आत शिरणं कमी होतं, ६०१३ दोन्ही पोलॅरिटीवर चालते. ५ मिमी अँगलला २.५ मिमी रॉड ८०-८५ वर. ३.१५ मिमीला ९० ते १३० लागतात. १६ च्या सॉकेटवर त्याची खालची टोकं तेवढी मिळतील, एमसीबीही कुरकुर करेल.

७०१८ च्या मागे सुरुवातीला लागू नका. वेल्ड मजबूत आणि लवचीक होते, पण रॉड ओल धरते. पाकीट फुटलं की ती ३०० ते ३५० अंशांना तास-दोन तास भाजून घ्यायची असते, उन्हात ठेवून भागत नाही. मांडणीला आणि वर्कबेंचला ६०१३ पुरेशी आहे. ६०१० तर बऱ्याच छोट्या इन्व्हर्टरवर पेटून टिकतच नाही, त्यांचं ओपन सर्किट व्होल्टेज (आर्क पेटण्याआधीचं व्होल्टेज) आणि आर्क फोर्स कमी पडतात.

समांतर_रेषा:
जुना ट्रान्सफॉर्मर स्वस्तात मिळाला तर? तो दशकानुदशकं टिकतो, आत बिघडायला काही नाही.

ठिणगी:
टिकतो हे खरं. पण तीन गोष्टी तपासाव्यात. एक, तो सिंगल फेजवर चालतो का. काही जुने दोन फेजमध्ये, ४०० व्होल्टवर जोडायचे असतात. दोन, वाइंडिंग तांब्याचं की अ‍ॅल्युमिनिअमचं, आणि जळकट वास येतो का. तीन, तो एसी देतो. ६०१३ चालते, पण कमी करंटला आर्क विझत राहतो, त्यामुळे १६ गेज पाइपला त्रास होतो. तेवढ्याच वेल्डसाठी तो लाइनमधून इन्व्हर्टरपेक्षा बराच जास्त करंट ओढतो, आणि १६ च्या सॉकेटवर तेच नडतं.

पाना१३:
वायरिंगबद्दल कोणी बोललं नाही. इन्व्हर्टर चालू करताना कपॅसिटर भरायला क्षणभर मोठा करंट जातो. 'बी' कर्व्हचा एमसीबी तेवढ्याने पडतो, 'सी' कर्व्हचा (असा क्षणिक झटका जास्त सोसणारा) सहसा टिकतो. मात्र एमसीबी पडतो म्हणून मोठ्या अँपिअरचा बसवू नका. आधी भिंतीतली वायर किती चौरस मिमीची आहे ते इलेक्ट्रिशियनकडून तपासा, कारण एमसीबी त्या वायरला वाचवण्यासाठी असतो.

एक्स्टेन्शन: २० मीटर लांब, १ चौ.मिमीची केबल, २० अँपिअर. जाऊन-येऊन ४० मीटरचा रोध पाऊण ओहमच्या वर जातो, १५ व्होल्ट वाटेतच संपतात आणि ३०० वॅट उष्णता केबलमध्ये तयार होते. केबल गुंडाळलेली असेल तर ती वितळते. २.५ चौ.मिमीला तीच घट ६ ते ७ व्होल्ट. एक्स्टेन्शन वापरायचीच तर २.५ ची, पूर्ण उलगडून.

वेल्डिंग केबलही बघा. मशीनसोबत येणारी केबल बऱ्याचदा तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनिअमची आणि दीड मीटरची असते. तार चाकूने खरवडली की आत पांढरी दिसते. १६ चौ.मिमी खऱ्या तांब्याची, ३ मीटर घ्या. कनेक्टरचं माप आधी बघून घ्या, ९ मिमी आणि १३ मिमी पिनचे दोन प्रकार आहेत, एकमेकांत बसत नाहीत.

तांब्याची_तार:
आणि अर्थ क्लॅम्प, म्हणजे मशीनची दुसरी केबल लोखंडाला जोडणारा चिमटा. त्याला आपण 'अर्थिंग' म्हणतो खरं, पण तो विजेचा अर्थ नव्हे, तो करंटचा परतीचा रस्ता आहे. पत्र्याचा हलका क्लॅम्प रंगावर चिकटवला की करंट दुसरा रस्ता शोधतो: बेंचवरच्या ड्रिलच्या अर्थ वायरमधून, बेअरिंगमधून. 'मशीन कमजोर आहे, रॉड चिकटते' यापैकी बऱ्याच तक्रारी क्लॅम्पखालची दोन इंच जागा घासल्यावर संपतात.

काटकोन:
हेल्मेट आणि बाकी सुरक्षेचं थोडक्यात सांगाल का? गॅरेज घराला लागूनच आहे.

निळी_ज्योत:
थोडक्यात सांगण्यासारखं नाही, पण प्रयत्न करते. ६० ते १६० अँपिअरला १० नंबरची काच, वर ११. ऑटो-डार्कनिंग घ्या, चार सेन्सरवालं असेल तर पाइपच्या आड एक झाकला गेला तरी काच काळी होते. नुसत्या गॉगलवर वेल्डिंग करू नका, चेहरा आणि गळा भाजतो. सुती जाड कपडे, चामडी हातमोजे, बंद बूट. सिंथेटिक कापड वितळून कातडीला चिकटतं.

जस्ताचा मुलामा असलेला पाइप: मुलामा दोन्ही बाजूंनी काढल्याशिवाय वेल्ड नाही. त्याच्या पांढऱ्या धुराने काही तासांनी थंडी-ताप येतो. आणि क्लोरीन असलेलं ब्रेक क्लीनर वेल्डिंगच्या आसपासही नको. आर्कच्या उष्णतेने आणि अतिनील किरणांनी त्याच्या वाफेपासून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. तेल काढायला अ‍ॅसिटोन वापरा, तो पूर्ण उडू द्या, डबा लांब ठेवा.

गॅरेज बंद करून गॅस मिग चालवू नका. आर्गॉन आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही हवेपेक्षा जड, खड्ड्यात आणि जमिनीलगत साचतात. दार उघडं, पण वारा थेट जोडावर येणार नाही असं. सिलिंडर साखळीने भिंतीला. काम संपल्यावर निदान अर्धा तास, शक्य असेल तर तासभर तिथेच थांबा. लाकडाच्या भुशात किंवा चिंध्यांत पडलेली ठिणगी लगेच पेटत नाही, धुमसत राहते.

पाना१३:
इन्व्हर्टर ग्राइंडरपासून लांब ठेवा. आतला पंखा लोखंडाची बारीक भुकटी ओढून थेट सर्किट बोर्डवर नेतो, मग एका दमट दिवशी शॉर्ट. दर दोन-तीन महिन्यांनी प्लग काढून, कपॅसिटर उतरायला वेळ देऊन, कोरड्या हवेने फुंकून घ्या. आणि काम झाल्या झाल्या बटण बंद करू नका, पंखा दोन-तीन मिनिटं फिरू द्या.

काटकोन:
तर आधी १६० चा खरा डीसी स्टिक इन्व्हर्टर, पत्र्याच्या वेळी गॅस मिग. मिग आल्यावर फ्लोअरचा पत्रा कसा मारायचा तेवढं सांगा.

निळी_ज्योत:
बॅटरीचे दोन्ही टोक काढा. पत्र्याच्या पलीकडे काय आहे ते बघा: इंधनाची नळी, वायरिंग, गालिच्याखालचा डांबरी थर. क्लॅम्प जोडापासून वीतभर अंतरावर, उघड्या धातूवर. ०.६ मिमी तार, नोझलबाहेर तार १० मिमीच्या आसपास.

सलग ओळ ओढायचीच नाही. एक सेकंदाचा टाका, मग तिथून १०० मिमी लांब दुसरा, मग पलीकडच्या कोपऱ्यात तिसरा. टाक्यांमधलं अंतर २५-३० मिमी झालं की अधलेमधले भरत जा. हात लावता येईल इतकं गार झाल्यावरच शेजारचा टाका मारा, नाहीतर पत्रा डबडब करतो आणि मग तो सरळ होत नाही. भोक पडलं तर मागून तांब्याची जाड पट्टी दाबून धरा. वेल्ड तांब्याला चिकटत नाही आणि उष्णता तिकडे निघून जाते. दोन्ही बाजूंनी घासून झालं की सीम सीलर (जोड बंद करणारी लेई) आणि प्रायमर त्याच दिवशी. उघड्या वेल्डवर गंज रातोरात धरतो.